ऑस्ट्रेलियाचे आश्रयार्थी धोरण : स्थानबद्धता, बेटे आणि पुनर्वसन

ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत वैध व्हिसाशिवाय सापडलेल्या परदेशी माणसाला स्थानबद्ध करावे की नाही, हे ठरवण्याची मुभा तिथल्या अधिकाऱ्याला नाही. १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील कलम १८९ नुसार त्याला ताब्यात घेणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कलम १९६ नुसार त्या माणसाला व्हिसा मिळेपर्यंत किंवा देशाबाहेर पाठवले जाईपर्यंत ताब्यात ठेवायचे असते. या दोन टोकांमध्ये किती काळ जावा याला कायद्यात मर्यादा नाही आणि मधल्या काळात स्थानबद्धतेची गरज तपासणारा न्यायाधीशही नाही. आश्रय मागण्यासाठी आलेला, गुन्हा न केलेला माणूसही याच तरतुदीत येतो. गेल्या तीन दशकांत या धोरणाच्या सुधारणेचे जेवढे प्रयत्न झाले, त्यांतले बहुतेक याच गाठीपाशी येऊन थांबले.

हे असे पहिल्यापासून नव्हते. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराशी स्वतःला बांधून घेणारा ऑस्ट्रेलिया सहावा देश होता आणि त्या सहाव्या मान्यतेमुळेच १९५४ मध्ये करार अमलात आला. एप्रिल १९७६ मध्ये पाच व्हिएतनामी माणसांना घेऊन एक छोटी बोट डार्विन बंदरात आली. पुढच्या पाच वर्षांत अशा बोटींतून दोन हजारांवर लोक आले. माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने त्यांना तारांच्या कुंपणाआड ठेवले नाही. त्याचबरोबर मलेशिया, थायलंड, इंडोनेशियातल्या छावण्यांतून व्हिएतनामी निर्वासितांना मोठ्या संख्येने विमानाने आणले, त्यामुळे जिवावर उदार होऊन समुद्रात उतरण्याचे कारणच पुष्कळसे उरले नाही. पुढच्या वादांत या काळाचा दाखला वारंवार दिला जातो. तो देताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही: तेव्हा छावण्यांवर खर्च करायला आणि निर्वासित वाटून घ्यायला अमेरिकेसह अनेक देश तयार होते.

१९८९ पासून कंबोडियातून बोटी येऊ लागल्या. आलेल्यांना ताब्यात ठेवण्याला कायद्याचा नीट आधार आहे का, हा प्रश्न न्यायालयात गेला. सुनावणी दोन दिवसांवर आली असताना, मे १९९२ मध्ये, पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने संसदेत घाईघाईने दुरुस्ती मंजूर करून घेतली. मंत्री जेरी हँड यांनी ती तात्पुरती व्यवस्था म्हणून मांडली होती आणि तीत २७३ दिवसांची मर्यादाही होती. १९९४ मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हा ही मर्यादा गळाली आणि व्हिसा नसलेल्या प्रत्येकाला सक्ती लागू झाली. सक्तीच्या स्थानबद्धतेचे जनकत्व उजव्या पक्षाकडे जाते असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. एका पक्षाने पाया घातला आणि दुसऱ्याने त्यावर मजले चढवले, म्हणूनच हे धोरण इतके चिवट ठरले.

मजले चढले ते लिबरल पक्षाच्या जॉन हॉवर्ड यांच्या कारकिर्दीत. १९९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या: दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वूमेरा येथे स्थानबद्धता केंद्र उघडले आणि बोटीने आलेल्या निर्वासितांसाठी तीन वर्षांचा तात्पुरता संरक्षण व्हिसा आला. या व्हिसावर कुटुंबाला बोलावता येत नसे. अफगाणिस्तान आणि इराकमधून आलेल्या पुरुषांच्या बायकामुलांपुढे तोच धोकादायक जलमार्ग उरला. १९ ऑक्टोबर २००१ रोजी इंडोनेशियाहून निघालेली, पुढे ‘सीव्ह एक्स’ या नावाने ओळखली गेलेली बोट बुडाली. मृत्युमुखी पडलेल्या ३५३ जणांत १४६ मुले होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांची संख्या दुपटीहून अधिक होती. लोकांना परावृत्त करण्यासाठी आणलेल्या व्हिसाने बोटीत कोण बसते हे बदलले. बोटी त्याने थांबल्या नव्हत्या.

त्याच्या दोनच महिने आधी ‘टॅम्पा’ प्रकरण घडले होते. बुडत्या बोटीतून ४३३ जणांना वाचवणाऱ्या या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाला ऑस्ट्रेलियाने आपल्या ख्रिसमस बेटाजवळ अडवले आणि त्यावर आपले लष्करी कमांडो उतरवले. निवडणूक जवळ आली होती. काही दिवसांतच ‘पॅसिफिक सोल्यूशन’ आकाराला आले: बाहेरची बेटे स्थलांतरापुरती देशाच्या हद्दीतून वगळायची आणि बोटीने आलेल्यांना नाउरू किंवा पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर नेऊन तिथे त्यांचे दावे तपासायचे. नाउरू हा जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा देश आहे. फॉस्फेटच्या खाणींनी त्याची जमीन पोखरली गेली होती आणि तिजोरी रिकामी झाली होती, त्यामुळे त्याला नकार देणे अवघड होते. या टप्प्यात १,६३७ जणांना बेटांवर ठेवले गेले आणि त्यांतले सुमारे सातशे शेवटी ऑस्ट्रेलियातच स्थायिक झाले.

सुधारणेची पहिली खरी संधी २००४–०५ मध्ये आली आणि तिची सुरुवात पराभवाने झाली. ऑस्ट्रेलियाचे हाय कोर्ट हेच तिथले सर्वोच्च न्यायालय. त्याच्यासमोर कुवेतमध्ये जन्मलेल्या, कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या एका पॅलेस्टिनी माणसाचा खटला आला. त्याने परत जाण्याची तयारी दाखवली होती, पण घेणारा देश नव्हता. अशा माणसाला अनिश्चित काळ ताब्यात ठेवता येते, असा निकाल ऑगस्ट २००४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी लागला. अल-कातेब खटला या नावाने तो ओळखला जातो. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरण नाही, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर हा निकाल समजतो. भारतात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर कितीही टीका झाली असली, तरी राज्यघटनेचे अनुच्छेद २२ तीन महिन्यांपलीकडच्या स्थानबद्धतेसाठी सल्लागार मंडळाचे मत आवश्यक मानते. ऑस्ट्रेलियातल्या आश्रयार्थ्याला तेवढाही आडोसा नव्हता.

न्यायालयात जे साधले नाही ते काही अंशी सत्ताधारी पक्षातल्याच बंडाने साधले. मानवी हक्क आयोगाने २००४ मध्ये स्थानबद्ध मुलांवर सविस्तर अहवाल दिला होता. मग मानसिक आजार असलेली एक कायमची रहिवासी बाईच बेकायदा परदेशी समजून दहा महिने डांबली गेल्याचे उघड झाले आणि मिक पामर यांच्या चौकशी अहवालाने खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. पेट्रो जॉर्जिओ आणि आणखी काही लिबरल खासदारांनी हॉवर्ड यांच्यावर दडपण आणले. मुलांना ताब्यात ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व २००५ मध्ये कायद्यात आले. कुटुंबांना वस्तीत राहू देण्याची सोय झाली. दोन वर्षांहून अधिक काळ अडकलेल्यांची प्रकरणे लोकपालाकडे जाऊ लागली. मात्र ‘शेवटचा उपाय’ हे फक्त तत्त्व म्हणून लिहिले गेले, न्यायालयात जाऊन मागता येईल असा हक्क म्हणून नव्हे. ही पळवाट किती मोठी होती ते २०१३ च्या जुलैमध्ये दिसले. तेव्हा स्थानबद्ध मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली होती.

मजूर पक्षाच्या केविन रड यांच्या सरकारने २००८ मध्ये नाउरू बंद केले आणि तात्पुरते व्हिसा रद्द केले. स्थानबद्धता कमीत कमी काळ असावी आणि जोखमीनुसार ठरावी, अशी सात मूल्ये मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी जाहीर केली. ती चांगली होती, पण कायद्यात उतरली नाहीत. दरम्यान श्रीलंकेतल्या युद्धाचा शेवट, अफगाणिस्तानातला संघर्ष आणि वाटेतल्या दलालांची सोय यांमुळे बोटी पुन्हा वाढल्या. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक बोट लोकांच्या डोळ्यांदेखत फुटली आणि सुमारे पन्नास जण दगावले. २०१२ मध्ये सतरा हजारांहून अधिक आणि २०१३ मध्ये वीस हजारांहून अधिक लोक आले. या काळात समुद्रात हजाराहून अधिक जीव गेले. सुधारणावाद्यांना हा आकडा टाळून पुढे जाता येत नाही आणि त्यांच्यातल्या अनेकांनी तो टाळला, हे त्यांच्या पराभवाचे एक कारण आहे.

यातून निघालेला सगळ्यात विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे अँगस ह्यूस्टन, पॅरिस अ‍ॅरिस्टॉटल आणि मायकेल लेस्ट्रेंज यांच्या समितीचा ऑगस्ट २०१२ चा अहवाल. त्याआधीच्या वर्षी ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने मलेशियाशी अदलाबदल ठरवली होती: बोटीने आलेले ८०० जण तिकडे पाठवायचे आणि तिथले ४,००० मान्यताप्राप्त निर्वासित इकडे घ्यायचे. मलेशियाच्या कायद्यात आश्रयार्थ्यांना संरक्षणच नाही, म्हणून हाय कोर्टाने ती रद्द केली. समितीने २२ शिफारशी केल्या. निर्वासितांसाठीचा वार्षिक मानवतावादी कोटा १३,७५० वरून २०,००० करावा, शेजारी देशांशी मिळून दावे तपासण्याची व्यवस्था उभारावी आणि ती उभी राहीपर्यंत नाउरू व मानुस पुन्हा उघडावेत, असे त्यांचे एकत्र बांधलेले गाठोडे होते. सरकारने बेटे तत्काळ उघडली, कोटा वाढवला आणि प्रादेशिक व्यवस्थेचे काम मागे टाकले. २०१३ मध्ये सत्तेवर आलेल्या टोनी अ‍ॅबट यांनी कोटाही पुन्हा १३,७५० वर आणला. गाठोड्यातला कठोर भाग तेवढा टिकला.

१९ जुलै २०१३ रोजी, पुन्हा पंतप्रधान झालेल्या रड यांनी जाहीर केले की यापुढे बोटीने येणाऱ्या एकालाही ऑस्ट्रेलियात कधीच वसवले जाणार नाही. सप्टेंबरमध्ये अ‍ॅबट सरकारने लष्करी नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स’ सुरू केले आणि बोटी समुद्रातूनच परत फिरवायला सुरुवात केली. लवकरच बोटी थांबल्या.

त्या कशाने थांबल्या, यावर सुधारणेची सगळी चर्चा अवलंबून आहे. सक्तीची स्थानबद्धता १९९२ पासून अखंड लागू होती; १९९९ ते २००१ आणि २००९ ते २०१३ या दोन्ही लाटा ती लागू असतानाच आल्या. बेटांवरची तपासणी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय ऑगस्ट २०१२ मध्ये झाला आणि त्यानंतरच्या वर्षभरात चोवीस हजारांहून अधिक लोक आले. जुलै २०१३ च्या घोषणेनंतर आकडा उतरू लागला होता, हे खरे. पण २०१४ नंतर २०२३ पर्यंत बेटांवर नवे कोणी नेले जात नव्हते. जे होते तेच वर्षानुवर्षे तिथे राहिले आणि बोटी परत फिरवणे मात्र चालू राहिले. परत फिरवण्याच्या पद्धतीवर कायद्याचे आणि माणुसकीचे गंभीर आक्षेप आहेत. माणसाचा दावा समुद्रात धड ऐकला जात नाही. तरीही कार्यकारणभाव शोधायचा तर तो परत फिरवण्यातच सापडतो. याचा अर्थ असा की देशात पोहोचलेल्या माणसाला वर्षानुवर्षे डांबणे सीमेच्या रक्षणाला लागत नाही. दोन्ही प्रश्न एकाच दावणीला बांधल्यामुळे स्थानबद्धता सैल करा म्हणणाऱ्याला ‘बोटी परत आणायच्या आहेत का?’ हे एकच उत्तर मिळत राहिले.

बेटांची किंमत माणसांनी आणि तिजोरीने, दोघांनी मोजली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मानुसवरच्या हिंसाचारात एक इराणी तरुण मारला गेला. त्याच वर्षी तिथल्याच एकाचा साध्या जखमेतून संसर्ग पसरून, वेळेवर उपचार न मिळाल्याने मृत्यू झाला. मानुसची स्थानबद्धता घटनाबाह्य असल्याचा निकाल पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दिला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने तिथे ठेवलेल्या १,९०५ जणांना मिळून सात कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. कुर्दिश पत्रकार बेहरूझ बूचानी यांनी मानुसवरून मोबाइलच्या संदेशांतून फारसीत लिहून पाठवलेल्या पुस्तकाला २०१९ मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळाला; तो घ्यायला त्यांना येता आले नाही. खर्चाचा हिशेब तर सरकारच्याच आयोगाने २०१४ मध्ये मांडला: एका माणसाला बेटावर ठेवायला वर्षाला चार लाख डॉलरहून अधिक, देशातल्या केंद्रात सुमारे २,३९,०००, देखरेखीखाली वस्तीत एक लाखापेक्षा कमी आणि तात्पुरत्या व्हिसावर मोकळे सोडले तर सुमारे चाळीस हजार.

२०१२ नंतर बेटांवर नेलेल्या चार हजारांहून अधिक लोकांपैकी बऱ्याच जणांना शेवटी दुसऱ्याच देशांनी जागा दिली. बराक ओबामा यांच्या प्रशासनाने १,२५० पर्यंत निर्वासित घेण्याचे मान्य केले होते. न्यूझीलंड २०१३ पासून वर्षाला १५० जण घ्यायला तयार होते. तो प्रस्ताव ऑस्ट्रेलियाने मार्च २०२२ पर्यंत स्वीकारला नाही. न्यूझीलंडचे नागरिक झाल्यावर ते मागच्या दाराने ऑस्ट्रेलियात येतील, ही भीती त्यामागे होती. आजारी लोकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑस्ट्रेलियात आणण्याचा कायदा फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारचा विरोध असताना मंजूर झाला आणि डिसेंबरमध्ये रद्दही झाला.

विमानाने येणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर उतरून नंतर आश्रय मागणारे बहुतेक जण निकाल लागेपर्यंत मोकळे राहतात. २०१७–१८ मध्ये असे पंचवीस हजारांहून अधिक अर्ज आले, म्हणजे बोटींच्या ऐन भराच्या वर्षापेक्षाही जास्त. यांतले मंजूर होणारे अर्ज थोडे, तर बोटीने आलेल्यांपैकी बहुसंख्य खरे निर्वासित ठरत आले आहेत. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेली मराठी कुटुंबे ज्या कौशल्याधारित वाटेने गेली ती तर आणखी वेगळी. कौशल्य आणि कुटुंब मिळून कायमच्या स्थलांतराच्या कार्यक्रमात २०२४–२५ मध्ये १,८५,००० जागा होत्या, मानवतावादी कोट्यात २०,०००. एवढ्या मोठ्या आणि नीट चालणाऱ्या स्थलांतर यंत्रणेच्या देशात एका लहान गटाभोवती इतके राजकारण फिरावे, याचे स्पष्टीकरण आकड्यांत सापडत नाही.

‘रांगेत उभे राहा’ हा बोटीने येणाऱ्यांना दिला जाणारा नेहमीचा सल्ला. त्यातली अडचण धोरणानेच वाढवली. देशात आल्यावर मंजूर झालेला प्रत्येक आश्रय बाहेरून घ्यायच्या कोट्यातून वजा करण्याची पद्धत १९९६ पासून होती, त्यामुळे बोटीतला माणूस छावणीतल्या माणसाची जागा खातो असे चित्र तयार झाले. शिवाय १ जुलै २०१४ पासून जकार्ता येथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंद झालेल्यांना ऑस्ट्रेलिया घेणार नाही, असे त्याच वर्षी ठरले. इंडोनेशियात हजारो निर्वासित काम करण्याच्या हक्काविना अडकले आहेत. त्यांच्यासाठी रांगच उरली नाही. बोटी परत फिरवण्याचा अधिकार राखायचा असेल तर ही बंदी उठवणे हे त्याचे किमान नैतिक शुल्क आहे आणि कोट्यात हजार-दोन हजार जागा इंडोनेशियासाठी राखणे प्रशासनाला मुळीच जड नाही.

पुनर्वसनाच्या बाजूला ऑस्ट्रेलियाचा अनुभव खूपच चांगला आहे आणि वादात तो झाकोळला जातो. प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम १९४८ पासून चालू आहे. त्यातली ५१० तासांची मर्यादा २०२१ मध्ये काढून टाकली गेली. व्हिक्टोरिया राज्यातल्या निल या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण वारंवार अभ्यासले गेले आहे. तिथल्या बदकांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला कामगार मिळत नव्हते. २०१० पासून मेलबर्नमधली म्यानमारची कारेन निर्वासित कुटुंबे तिथे येऊ लागली. आधी गावकऱ्यांशी बोलणी झाली, घरे शोधली गेली, मोजकीच कुटुंबे आली, मग आणखी. पाच वर्षांत संख्या दोनशेच्या आसपास गेली आणि ओस पडत चाललेल्या गावात दुकाने, शाळा टिकल्या. काम, घर, भाषा आणि गावाची तयारी या चार गोष्टी जुळल्या म्हणून हे झाले.

तात्पुरत्या व्हिसाने याच्या उलट घडवले. २०१४ मध्ये तो परत आला तेव्हा बोटीने आलेले सुमारे तीस हजार लोक देशातच निकालाची वाट पाहत होते. त्यांच्यासाठी ‘फास्ट ट्रॅक’ नावाची प्रक्रिया केली गेली. तीत अपिलाच्या वेळी सहसा सुनावणी होत नसे आणि नवा पुरावा अपवादानेच घेतला जाई. तीन किंवा पाच वर्षांनी पुन्हा सगळे सिद्ध करावे लागणार, कुटुंब येऊ शकणार नाही, या स्थितीत कोणी घर घेत नाही, कोणी मोठे शिक्षण हाती धरत नाही. अँथनी अल्बनीझ यांच्या सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा सुमारे १९,००० जणांना कायमच्या वास्तव्याची वाट मोकळी केली. त्यानंतर बोटींचा लोंढा आला नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे. सदोष प्रक्रियेत नाकारले गेलेले काही हजार जण मात्र बाहेर राहिले.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी हाय कोर्टाने एका नागरिकत्वहीन रोहिंग्याच्या खटल्यात अल-कातेब निकाल एकमताने उलटवला. नजीकच्या भविष्यात देशाबाहेर पाठवण्याची खरी शक्यता नसेल तर स्थानबद्धता ही शिक्षाच ठरते आणि शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा, असे त्यामागचे सूत्र होते. सुमारे दीडशे जण सुटले. त्यांतल्या काहींनी गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगलेली असल्याने गदारोळ उठला आणि आठवडाभरात पायातले इलेक्ट्रॉनिक कडे व रात्रीची संचारबंदी यांचा कायदा झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तोही अवैध ठरवला. सुधारणा संसदेने वेळीच, विचारपूर्वक न केल्यास ती न्यायालयातून अचानक येते आणि मग सरकार घाबरून कायदे करते, हे इथे पुरते दिसले. या निकालालाही सीमा आहे: जो माणूस परत पाठवण्याच्या प्रक्रियेत सहकार्य करत नाही त्याला ताब्यात ठेवता येते, असे याच न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले.

सुधारणेचा आराखडा यातून बराचसा ठरतो. ओळख, आरोग्य आणि सुरक्षा तपासण्यापुरती काही आठवड्यांची स्थानबद्धता मान्य करता येईल. त्यापलीकडे कोठडी हवी असेल तर सरकारने कारण द्यावे आणि स्वतंत्र अधिकाऱ्याने ते ठरावीक अंतराने तपासावे. कॅनडात अशी तपासणी ४८ तासांत, मग सात दिवसांनी, मग दर तीस दिवसांनी होते. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या मध्याला स्थानबद्धतेचा सरासरी काळ सातशे दिवसांवर गेला होता. अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी अनिश्चित स्थानबद्धता संपवण्याचे विधेयक एकापेक्षा अधिक वेळा मांडले. दोन्ही मोठ्या पक्षांनी ते पुढे सरकू दिले नाही. मुलांबाबतचे तत्त्व हक्कात बदलणे आणि दावा मंजूर झालेल्याला, तो कसाही आलेला असो, कायमचा व्हिसा देणे या गोष्टींना सीमेवरच्या यंत्रणेत काहीच बदल लागत नाही.

प्रत्यक्षात गाडी उलट दिशेला निघाली आहे. २०१२ नंतर नाउरूला नेलेल्यांपैकी शेवटचा माणूस जून २०२३ मध्ये तिथून निघाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून बोटीने आलेल्या नव्या लोकांना पुन्हा तिथे पाठवले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने तिसऱ्या देशांना पैसे देऊन माणसे पाठवण्याची तरतूद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये नाउरूशी झालेल्या करारात, हाय कोर्टाच्या निकालाने सुटलेल्यांना घेण्याच्या बदल्यात सुरुवातीला चाळीस कोटी डॉलरहून अधिक आणि पुढे दरवर्षी सुमारे सात कोटी डॉलर देण्याचे ठरले.